धुतलेली फ्लॉपी

ठाण्याचं घर बंद करून बडोद्याला मुलाकडे राहायला जावं की नाही, हे माझ्या मावशीला त्या वर्षी दिवाळीआधी ठरवायचं होतं, आणि माझ्या आईला विचारल्याशिवाय ती काही ठरवणार नव्हती. आई तिची थोरली बहीण. आम्ही डोंबिवलीला, मावशी ठाण्याला, अंतर ते काय! पण हा एवढा एक प्रश्न तिकडून इकडे येईना, आला तर उघडेना, आणि उघडला नाही म्हणून परत गेला तो भलताच अर्थ घेऊन. त्या सगळ्या काळात मी मधे होतो आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. आजही सगळं कळलंय असं नाही.

आधी दोघींची अवस्था सांगतो, म्हणजे या भानगडीत कॉम्प्युटर कशाला आला ते लक्षात येईल. आईचे डोळे साखरेनं खाल्ले होते. समोर माणूस उभा आहे एवढं तिला दिसायचं. कोण आहे ते आवाजावरून. मावशीचे कान गेले होते. कानाला यंत्र लावलं की ते शिट्टी मारायचं, आणि ती शिट्टी मावशी सोडून घरातल्या सगळ्यांना ऐकू यायची. या दोघी पूर्वी रोज दुपारी जेवणं उरकली की फोनवर बसायच्या. कान गेल्यावरही मावशीनं काही दिवस फोन चालू ठेवला. ती एकटीच बोलायची, इकडून आई 'अगं ऐक, अगं ऐक जरा' करत राहायची, आणि शेवटी मावशी 'बरं, ठेवते' म्हणून ठेवून द्यायची. त्यानंतर आईचा चेहरा बघवत नसे.

पत्र लिहावं तर मावशीचं अक्षर आईला दिसत नसे. मी वाचून दाखवतो म्हटलं तर आईनं साफ नाही म्हटलं. "आम्ही दोघी बोलणार, त्यात तू कशाला?" मी तेव्हा बायकापोरांचा धनी होतो, पस्तिशी ओलांडली होती, पण बहिणींच्या बोलण्यात मला जागा नव्हती.

मग माजिवड्याच्या आमच्या ऑफिसनं जुने कॉम्प्युटर काढले, त्यातला एक मी घरी आणला. त्यावर मराठी अक्षरं घातली आणि ती मोठी मोठी करत नेली. एका मापाला आई म्हणाली, "थांब. दिसतंय." पडद्यावर जेमतेम चार शब्द मावत होते आणि आईचं नाक काचेला टेकलेलं, पण तिला दिसत होतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिला दिसलं नाही हे बरंच झालं. लिहिण्याची तर अडचणच नव्हती. आईनं सगळी नोकरी ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून केलेली. तिची बोटं बघून टाइप करतच नसत. तिकडे मावशीच्या मुलानं बडोद्याला जाण्यापूर्वी आईवडिलांसाठी एक कॉम्प्युटर घेऊन ठेवलेला होता. मी तिथंही तीच अक्षरं घातली. मावशीनं लिहायचं, फ्लॉपीत घालायचं, मी ऑफिस सुटल्यावर वर्तकनगरला मावशीकडे जाऊन ती आणायची, आईनं वाचायची, उत्तर लिहायचं, मी परत न्यायची. मला वाटलं, सुटला प्रश्न.

या दोन घरांमध्ये माझ्या जन्माआधीपासून एक स्टीलचा डबा फिरत असे. इकडून वालाचं बिरडं गेलं की तिकडून सोड्याची खिचडी, तिकडून अळूवडी आली की इकडून नारळाच्या वड्या. त्याचे दोन नियम, कुणी कधी बोलून न दाखवलेले. डबा रिकामा परत द्यायचा नाही आणि न धुता परत द्यायचा नाही. आता त्याच पिशवीत, डब्याच्या झाकणावर, फ्लॉपी येऊ-जाऊ लागली. आणि तिलाही तेच नियम लागू झाले, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले.

मावशी लिहिलेली फाइल फ्लॉपीवर घातली की आपल्या कॉम्प्युटरमधून पुसून टाकायची. मी पाटीवर लिहून तिला विचारलं (तिच्याशी बोलायला घरात शाळेची पाटी ठेवलेली होती), की एक प्रत स्वतःकडे का ठेवत नाहीस? ती म्हणाली, "एकदा दिलं ते दिलं. दिलेली वस्तू आपल्या घरात कशी राहील?" आणि लिहायला काही नसलं तरी तिची फ्लॉपी रिकामी येत नसे. कॉम्प्युटरमध्ये मुळात असलेली चित्रं ती घालून द्यायची. आई पडद्याला नाक लावून म्हणायची, "आज हिनं ढग पाठवलेत."

इकडे आईची तऱ्हा वेगळी. मावशीचं वाचून झालं की ती फ्लॉपी धुवायची. म्हणजे, कोरी फ्लॉपी वापरायला घेण्याआधी ती पुसून तयार करायची जी आज्ञा असते, ती मी तिला एकदा शिकवली होती. काळ्या पडद्यावर बोटांनी दोन शब्द टाइप केले की झालं, डोळ्यांची गरजच नाही. मशीन खरखर करू लागलं की आई मान कलती करून ऐकत बसायची. खरखर थांबली की फ्लॉपी स्वच्छ. मग ती आपलं उत्तर लिहून त्यात घालायची. मी सांगून पाहिलं, की अगं, फ्लॉपी धुवावी लागत नाही, आधीचं आत राहिलं तरी चालतं. "खरकट्यात घालून पाठवू?" आई म्हणाली.

खरा गोंधळ निराळाच होता. आमचा कॉम्प्युटर जुन्या जातीचा. त्याच्या आवृत्तीला वर्षाचं नावसुद्धा नव्हतं, नुसतंच तीन पॉइंट काहीतरी. मावशीकडे नाइन्टी फाइव्ह, म्हणजे पंच्याण्णव सालची आवृत्ती. सुरुवातीला तिकडची एकही फाइल इकडे धड येईना. मावशी हौसेनं फाइलला लांबलचक नाव द्यायची, 'ताईला पत्र शुक्रवारचं', इंग्रजी अक्षरांत. ते आमच्याकडे मधेच छाटलं जाऊन पुढे एक नागमोडी रेघ आणि आकडा उरायचा. "ही हल्ली तोडून बोलते," आई म्हणाली. एक अख्खा रविवार मी मावशीकडे ठाण मांडून बसलो. लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये इथं दाब, तिथं दाब असं करत शेवटी असं काहीतरी बसवलं, की तिकडची प्रत्येक फाइल आपोआप जुन्या पद्धतीनं लिहिली जाईल. ते चाललं. नेमकं काय दाबलं, हे मला दुसऱ्या दिवशीही सांगता आलं नसतं. चालतंय ना, मग हात लावू नका, एवढंच माझं कॉम्प्युटरचं ज्ञान.

गौरी-गणपती होऊन गेले आणि एका संध्याकाळी मावशीनं पिशवी माझ्या हातात देताना ती लगेच सोडली नाही. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "ताईला म्हणावं, नीट वाच. आणि नीट विचार करून लिही." बडोद्याचा प्रश्न त्या फ्लॉपीत होता. मला ते माहीत नव्हतं. मला आपलं वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचं असेल.

घरी आईनं फाइल उघडली आणि पडद्यावर चौकोन आले. भलेमोठे, काळे, रिकामे चौकोन, मधे एखादा ठिपका, एखादी टोपी. "अरे, हिनं रांगोळी पाठवलीय का?" आई म्हणाली. मी बसलो. बंद करून उघडली, दुसऱ्या नावानं उघडली, कॉम्प्युटरच बंद करून पुन्हा लावला. चौकोनच. दुसऱ्या दिवशी ती फ्लॉपी ऑफिसला नेली. तिथल्या नव्या मशीनवर फाइल उघडली खरी, पण तिथं मराठी अक्षरंच नव्हती, त्यामुळे मावशीच्या वाक्यांचा इंग्रजी अक्षरांत नुसता काला झालेला. एकच फाइल, एकीकडे चौकोन, दुसरीकडे काला, आणि ठाण्याला म्हणे मराठी! माझं डोकं चालेना. संध्याकाळी आईला म्हटलं, उद्या आणखी काही करून बघतो. सकाळी उठून बघतो तर आईनं फ्लॉपी धुऊन पिशवीत ठेवलेली.

"अगं, पुसलीस का?"

"नासलेलं तसंच परत धाडू? तिला सांग, उघडलं नाही, पुन्हा लिहून दे. वाचल्याशिवाय मी उत्तर काय देऊ?"

डबा भरलेला होता, बिरडं होतं त्यात. फ्लॉपी तेवढी रिकामी.

मी गेलो तेव्हा मावशी घरात नव्हती. काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, पिशवी घेतली. काका हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या हातून चूक होते हे त्यांना मान्य नसे. मी आईचा निरोप सांगितला. "उघडली नाही?" काका म्हणाले. "अरे, इथं तर उघडत होती. माझ्यासमोर उघडली. आमच्याकडून नीटच गेलीय." मी म्हटलं, ते खरंय, पण आमच्याकडे उघडली नाही. "असं कसं होईल? फाइल तीच, फ्लॉपी तीच." मीही तेच म्हणत होतो, की असं कसं होईल. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो आणि मग मी निघालो.

पुढच्या खेपेला डबा आला तो हलका. आईनं झाकण काढून आत हात फिरवला. तळापर्यंत फिरवला, कडेनं फिरवला.

"रिकामा आहे का रे?"

मी हो म्हटलं. "धुतलेला आहे," आई म्हणाली आणि झाकण लावून टाकलं. फ्लॉपी पिशवीत नव्हतीच.

त्यानंतर दोघींमधलं बोलणंच थांबलं. आई विचारायची, "फ्लॉपी दिली का तिनं?" मी नाही म्हणायचो. आई जेवताना मधेच हात थांबवायची आणि तसाच ठेवायची. मला दोघींचाही राग येत होता, त्या मशीनचा तर इतका की ते गॅलरीतून खाली टाकावंसं वाटे. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं, कुणाचं काही बिनसलं नव्हतं, आणि तरी भांडण झाल्यासारखं घर गप्प होतं. शेवटी एके दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून वर्तकनगरला गेलो आणि सरळ पाटी हातात घेतली. लिहिलं : 'काय झालं?'

मावशीनं वाचलं. "मला काय विचारतोस? तुझ्या आईला विचार. तिला वाचायचं नसेल तर तसं सांगावं माणसानं. उघडत नाही म्हणे!"

मग काकांनी मला बडोद्याचं सांगितलं. मुलगा घाई करतोय, तिथं घर मोठं घेतलंय, दिवाळीच्या आत कळवायचंय. "हिनं ताईंना सगळं लिहिलं. जाऊ की नको, तू म्हणशील तसं करते. आणि ताईंनी फ्लॉपी कोरी करून परत पाठवली. मी स्वतः घालून बघितली. एक अक्षर नाही त्यात."

आता कुठे मला उलगडलं की मावशीला काय वाटलं असेल. या दोन घरांत आजवर काही रिकामं परत गेलं नव्हतं. आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न तिनं बहिणीपुढे ठेवला आणि बहिणीनं भांडं घासून पालथं घालून दिलं. मी पाटीवर घाईघाईनं लिहिलं, 'खरंच उघडली नाही. चौकोन दिसत होते.'

"आधीच्या कशा उघडल्या?"

याला काय लिहायचं? आधीच्या कशा उघडल्या हे मलाच कळत नव्हतं. काकांना विचारलं, तुमच्याकडे काही बदललंय का? "काहीही नाही," काका म्हणाले. मी त्यांचा कॉम्प्युटर सुरू केला, आणि पडद्यावर जे नाव आलं त्यात पंच्याण्णव नव्हतं, अठ्ठ्याण्णव होतं. मी ते काकांना बोट लावून दाखवलं. "हां, हे होय," काका म्हणाले. "तो दुकानवाला माउस बदलायला आला होता, जाता जाता नवीन टाकून गेला. लिहिण्याचा प्रोग्रॅमही नवाच टाकला. चांगलं आहे की, बदललं काय त्यात?"

मी कपाळाला हात लावला. माझा तो रविवारचा सगळा खटाटोप नव्या आवृत्तीखाली गाडला गेला होता. काका, मी, मावशी, आई, सगळेच आपापल्या जागी खरं बोलत होते आणि म्हणूनच कुणाचा कुणावर विश्वास बसत नव्हता. पुन्हा तासभर इथं दाब, तिथं दाब करून मी फाइल जुन्या पद्धतीनं लिहायची सोय बसवली. पाटीवर लिहिलं, 'झालं. आता पुन्हा लिहून दे. नक्की उघडेल.'

मावशीनं पाटी वाचली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. "एकदा विचारलं मी. पुन्हा नाही विचारणार. रविवारी मुलाचा फोन येईल, ह्यांना 'हो' सांगायला सांगितलंय."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव, यातलं तिच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. बडोद्याचं मात्र तिनं मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मला ठाण्याला ने."

डोळे गेल्यापासून आई डॉक्टर सोडून कुठे गेली नव्हती. शनिवारी तिला घेऊन निघालो. ठाण्याला रिक्षात बसलो तर टेंभी नाक्याला नवरात्राच्या मांडवाचे बांबू रस्त्यात, रिक्षावाला शिव्या देत गल्ल्यांतून काढत होता. आई माझा दंड धरून बसली होती. "बडोद्याला मोठा दवाखाना आहे म्हणे जवळ," ती म्हणाली. "तिच्या यजमानांचं वय झालं. हिला कुकरची शिटी ऐकू येत नाही, कुणी दार वाजवलेलं कळत नाही. मुलगा बोलावतोय. किती मुलं बोलावतात?" तिनं माझा दंड आणखी घट्ट धरला. "जायलाच हवं तिनं," आई म्हणाली.

मावशीनं दार उघडलं आणि आईला बघून ती दाराची चौकट धरून उभी राहिली. आईनं हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला. मग मला म्हणाली, "कॉम्प्युटरसमोर बसव मला."

मी दोघींना शेजारी शेजारी बसवलं. आईनं कळफलकावर बोटं ठेवली आणि तिच्या नोकरीतल्या वेगानं टाइप करत सुटली. पडद्यावर भलतीच जोडाक्षरं उमटू लागली. मावशीचा कळफलक मी तिला सोपा जावा म्हणून निराळा लावून ठेवलेला. आईची बोटं टाइपरायटरची. "अगं थांब, थांब!" मी म्हटलं. पुन्हा धावपळ, पुन्हा इथं दाब, तिथं दाब. एकाच टेबलाशी बसूनही या दोघींचं जुळायला माझी खटपट लागावी याचं मला हसू आलं आणि रडूही. शेवटी बसलं.

आईनं टाइप केलं, 'काय विचारलं होतंस?'

मावशीनं पडदा वाचला. आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात, पडद्याकडे बघत, म्हणाली, "जाऊ का मी बडोद्याला?"

आईला ते ऐकू आलं. अर्थातच आलं, आईचे कान शाबूत होते. लिहिलेलं मावशीला दिसत होतं, बोललेलं आईला ऐकू येत होतं. ना फाइल, ना फ्लॉपी. इतके महिने हे आमच्यापैकी एकालाही कसं सुचलं नाही, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

आईनं टाइप केलं, 'जा.' पूर्णविरामसुद्धा दिला.

मावशी त्या एका अक्षराकडे बघत राहिली. आईनं बोटं कळफलकावरून उचलली, मांडीवर घेतली आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून, हळू, अगदी आपल्याशी बोलावं तसं म्हणाली, "नको गं जाऊस."

मावशीला ओठ हललेले दिसले असावेत. तिनं वळून मला विचारलं, "काय म्हणाली रे ती?"

मी आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली, नाही म्हणून. पाटी घ्यायला हात गेला, तो तसाच मागे घेतला, आणि मी वाकून आईच्या अक्षराखाली टाइप केलं, 'आई चहा मागतेय.'

मावशीनं ते वाचलं. मग ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होती.

"चहा?" ती म्हणाली. "तिनं तर चहा केव्हाच सोडलाय."

आणि तरी ती उठली, आत गेली आणि तिनं आधण ठेवलं. चहा आल्यावर आईनं कप दोन्ही हातांत धरला आणि मावशीकडे तोंड करून तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.